दुसरी बाटली ही चैन नव्हे

गेल्या हिवाळ्यात एका जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांचं चर्चासत्र होतं, विषय किडनीच्या आजारांचा. जेवणाआधीच्या सत्रात एक ज्येष्ठ फिजिशियन बोलायला उभे राहिले. चाळीस वर्षं त्या भागातले रुग्ण त्यांनी तपासलेत, रात्री-अपरात्री उठून गेलेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि हा लेख लिहून झाल्यावरही तो तसाच राहील. पण त्या दिवशी ते जे बोलले ते ऐकून गप्प बसणं मला जमणार नाही.

ते म्हणाले, "किडनीची बायॉप्सी करा, जरूर करा. पण ते आयएफ म्हणजे मोठ्या शहरांची चैन आहे. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाका, साध्या मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते बघा. उरलेलं रक्ताच्या रिपोर्टांवरून कळतं. आणि कळून तरी काय करणार? शेवटी स्टिरॉइडच द्यायचं ना?"

सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या का पडल्या तेही मला समजतं. तिथे बसलेल्या प्रत्येकासमोर रोज असा रुग्ण येतो, ज्याचा मुलगा तपासणीचा आकडा ऐकून बाहेर जातो, कुणाला तरी फोन लावतो आणि खाली मान घालून परत येतो. त्या मुलाला "एवढं नको करायला" असं सांगता आलं तर कुठल्या डॉक्टरला बरं वाटणार नाही? पण त्या चार वाक्यांवर विसंबून उद्या कुणी निर्णय घेतला, तर त्याच मुलाला आठवड्यातून दोनदा-तीनदा वडिलांना डायलिसिसला न्यावं लागेल. मी गेली वीस वर्षं किडनीच्या बायॉप्सी वाचते. त्या वाक्यांची किंमत मी माझ्या टेबलावर मोजलेली आहे.

आधी शेवटचं वाक्य घेते, कारण बाकीची तिन्ही त्याच्या आधारावर उभी आहेत. सगळ्यांना एकच औषध द्यायचं असेल तर आजाराचं नाव शोधण्यात खरोखरच अर्थ नाही.

किडनीत रक्त गाळणारे बारीक केशवाहिन्यांचे गुच्छ असतात, ग्लोमेरुलस म्हणतात त्यांना. एकेका किडनीत साधारण दहा लाख. या गुच्छांना सूज येते ती बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेमुळे. इथेच सगळी अडचण आहे की गुच्छाला मार बसला की तो दिसायला फार थोड्या प्रकारांनी बिघडतो. पेशी वाढतात, भिंती जाड होतात, गुच्छ फुटून त्याच्या भोवती पेशींची चंद्रकोर तयार होते. बस. कारणं मात्र डझनांनी आहेत. सकाळी शेतात गेल्यावर उभं पीक आडवं झालेलं दिसतं. रानडुकरं आली होती, गुरं शिरली होती की रात्री वारा झाला, हे आडव्या पिकाकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी वाकून ठसे बघावे लागतात. साधी स्लाइड आडवं पीक दाखवते. आयएफ, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्स, ठसे दाखवतं.

ते दाखवतं कसं, ते डोळ्यांपुढे उभं राहावं म्हणून सांगते. सुईने काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा असतो. तो गोठवून उणे वीस अंशांच्या क्रायोस्टॅटमध्ये तीन-चार मायक्रॉन जाडीचे छेद घ्यायचे. प्रत्येक छेदावर एकेक प्रतिपिंड घालायचं: एक आयजीजीला चिकटणारं, एक आयजीएला, एक आयजीएमला, मग सी-३, सी-१-क्यू, कॅपा, लॅम्डा. प्रत्येकाला फ्लुरोसीनचा रंग जोडलेला असतो. खोलीतले दिवे बंद करायचे, मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश सोडायचा, आणि काळ्या मैदानात जिथे ते प्रथिन बसलं असेल तिथे हिरवा उजेड उमटतो. हा रंग प्रकाशात विटतो, म्हणून झटपट बघायचं, फोटो काढायचा. अल्बर्ट कून्स यांनी बोस्टनमध्ये १९४१ साली रंग जोडलेलं प्रतिपिंड पहिल्यांदा वापरलं, ते न्यूमोनियाचे जंतू शोधायला. पुढे पन्नासच्या दशकात सुईने किडनीचा तुकडा काढण्याची पद्धत रुळली आणि ही दोन तंत्रं एकमेकांना भेटली. तिथून किडनीच्या आजारांचं पुस्तक नव्याने लिहावं लागलं.

आता समोर अशी बायॉप्सी ठेवा, जिच्यात निम्म्याहून जास्त गुच्छांभोवती चंद्रकोरी आहेत. रुग्णाचं क्रिएटिनिन दोन आठवड्यांत दीडवरून सहावर गेलेलं. साध्या स्लाइडवरचा रिपोर्ट येतो, क्रेसेंटिक ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. हा रिपोर्ट बरोबर आहे, आणि तो वाचून उपचार ठरवता येत नाही.

कारण अंधाऱ्या खोलीत याच स्लाइडची तीन चित्रं निघू शकतात. रांगोळी काढणाऱ्या बाईला रेघ आणि ठिपका यांतला फरक शिकवावा लागत नाही. फरक तेवढाच स्पष्ट असतो. पहिल्या चित्रात आयजीजी केशवाहिनीच्या भिंतीवरून सलग, एकसारखी, न तुटता फिरलेली असते, रांगोळीची रेघ ओढावी तशी. म्हणजे प्रतिपिंडं थेट गाळणीच्या पडद्यावरच हल्ला करतायत, अँटी-जीबीएम आजार. दुसऱ्या चित्रात ठिपके असतात, दाणेदार, कधी भिंतीवर, कधी गुच्छाच्या मधल्या भागात. म्हणजे लुपस, संसर्ग, आयजीए, यांपैकी काहीतरी. तिसऱ्या चित्रात जवळजवळ काहीच नसतं, मैदान काळंच राहतं. म्हणजे बहुतेक वेळा अँका व्हॅस्क्युलायटिस.

हे तीन आजार एका स्टिरॉइडने बरे होत नाहीत. पहिल्यात सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टिरॉइडच्या जोडीला ताबडतोब प्लाझ्माफेरेसिस सुरू करावं लागतं, कारण रक्तातली प्रतिपिंडं बाहेर काढल्याशिवाय गाळणीवरचा मार थांबत नाही. तिसऱ्यात, अँकामध्ये, रिटक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड द्यावं लागतं. तिथे प्लाझ्माफेरेसिसचं काय, याचं उत्तर शोधायला पेक्सिव्हास नावाची मोठी चाचणी झाली. ७०४ रुग्णांचा तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि मृत्यू किंवा कायमची किडनी निकामी होणं प्लाझ्माफेरेसिसने कमी झालं असं त्यात दिसलं नाही. म्हणजे एका चित्रात जे केलंच पाहिजे, ते दुसऱ्या चित्रात सरसकट करण्यासारखं नाही. आणि दुसऱ्या चित्रातल्या ठिपक्यांमागे अंगात मुरलेला संसर्ग असेल, तर डोळे झाकून दिलेलं स्टिरॉइड त्या संसर्गाच्या पथ्यावर पडतं. मग "शेवटी स्टिरॉइडच" हे वाक्य कोणत्या रुग्णाबद्दल बोललं गेलं?

रेघ म्हणजे केवळ दिसणारी नक्षी, असं कुणाला वाटत असेल तर १९६७ सालचं काम आठवावं. लर्नर, ग्लासॉक आणि डिक्सन यांनी अँटी-जीबीएमच्या रुग्णांच्या किडनीतूनच ती प्रतिपिंडं सोडवून घेतली, माकडांना टोचली, आणि माकडांच्या किडनीत तोच आजार उभा राहिला. हिरवी रेघ म्हणजे हल्ला करताना पकडलेला गुन्हेगार आहे.

या आजारात वेळ किती मोलाची असते ते लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलने ७१ रुग्णांच्या अनुभवातून २००१ साली मांडलं. उपचार सुरू होताना ज्यांचं क्रिएटिनिन ५.७च्या खाली होतं, त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांची किडनी वर्षभरानंतर चालू होती. ज्यांना आल्या आल्या डायलिसिस लागला, त्यांच्यात हेच प्रमाण ८ टक्के होतं. पंचाण्णव आणि आठ. या दोन आकड्यांमधलं अंतर कधी कधी चार-सहा दिवसांचं असतं.

ते चार-सहा दिवस मी एकदा वाया जाताना पाहिले. चौतिसाव्या वर्षातली बाई, शेतमजुरी करणारी. अंगावर सूज, लघवी चहासारखी लाल. जवळच्या शहरातल्या एका रुग्णालयात बायॉप्सी झाली आणि माझ्याकडे एकच बाटली आली, फॉर्मॅलिनची. आत दोन तुकडे होते. तुकडे उत्तम होते, दोन्हींत मिळून बावीस गुच्छ, त्यांतल्या सतरांभोवती ताज्या चंद्रकोरी. मी फोन केला, आयएफचा तुकडा कुठे आहे? तिकडून उत्तर आलं, दोन्ही एकातच टाकले, तसंच टाकतो आम्ही. रक्त अँटी-जीबीएमसाठी दुसऱ्या शहरात पाठवलेलं होतं. अँकाचा रिपोर्ट आधी आला, पॉझिटिव्ह. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं; आजाराला नाव मिळालं, उपचार सुरू झाले, अँकाचे. सातव्या दिवशी अँटी-जीबीएमचा रिपोर्ट आला, तोही पॉझिटिव्ह आणि आकडा मोठा. तोवर बाई डायलिसिसवर होती. ती आजही डायलिसिसवर आहे.

तिचा नवरा स्लाइड परत न्यायला आला होता. कागदावर सही करताना त्याने विचारलं, "तुकडे तर दोन काढले होते ना मॅडम? एकच तपासला का?" मी त्याला समजावून सांगितलं, फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर ती तपासणी नीट होत नाही. त्याने मान हलवली. त्याला ते पटलं म्हणून नव्हे, मी मोठी डॉक्टर आहे म्हणून.

रक्ताच्या रिपोर्टांवरून कळतं, हे जे दुसरं वाक्य, त्याचं उत्तर या एका बाईच्या फायलीत आहे. पण एका फायलीवर वाद जिंकू नये, म्हणून पुढे सांगते. अँटी-जीबीएम असलेल्या रुग्णांत साधारण तिसऱ्या हिश्श्याला अँकाही पॉझिटिव्ह येतो. नेहमीच्या तपासणीत सुमारे दहा टक्के रुग्णांच्या रक्तात अँटी-जीबीएम सापडतच नाही, किडनीत मात्र रेघ स्वच्छ असते. कॉम्प्लिमेंटचं सी-३ रक्तात कमी आलं तर ते लुपसमध्येही येतं, घशाच्या संसर्गानंतरच्या सुजेतही येतं आणि सी-३ ग्लोमेरुलोपॅथीतही. एएनए पॉझिटिव्ह आला म्हणून लुपस ठरत नाही. रक्त सांगतं की गावात कोण कोण फिरतंय. घरात कोण शिरलंय ते तुकडाच सांगतो.

इथे सरांची एक बाजू खरी आहे आणि ती मी मान्य करते. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीत पीएलए-टू-आर नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं २००९ साली बेक आणि सॅलंट यांच्या गटाने शोधली, आणि या आजाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत ती सापडतात. म्हणून केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की रुग्णाचं चित्र जुळत असेल आणि ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल, तर बायॉप्सी न करताही निदान धरता येतं. लहान मुलाला पहिल्यांदा नेफ्रोटिक सिंड्रोम झाला तर कुणी शहाणा डॉक्टर आधी सुई घालत नाही. स्टिरॉइड देऊन बघतो. हे सगळं बरोबर आहे. पण हे बायॉप्सी टाळण्याचे मुद्दे आहेत. बायॉप्सी करायची, रुग्णाला पोटावर पालथं झोपवायचं, पाठीत सुई घालायची, रक्तस्रावाचा धोका पत्करायचा, चोवीस तास पडून राहायला सांगायचं, आणि मग त्यातून मिळालेल्या तुकड्याला निम्मेच प्रश्न विचारायचे, याचं समर्थन त्यातून होत नाही.

आणि पीएलए-टू-आर निगेटिव्ह आलेल्या उरलेल्यांचं काय? तिथे आपला देश अलीकडे एक धडा शिकलाय. केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण तपासले. त्यांतले १५ नेल-वन या प्रथिनाचे निघाले, आणि त्या पंधरांपैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. क्रीममध्ये पारा. वेल्लोरच्या डॉक्टरांनी त्याआधी पारा असलेल्या देशी औषधांचा असाच संबंध दाखवला होता. अशा बहुतेक रुग्णांचा पहिला उपचार काय? क्रीम बंद करणं. महिनोन्‌महिने स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड नव्हे.

आता त्या क्रीमपर्यंत नेणारा धागा हातून कसा निसटतो ते बघा. सुरुवातीच्या मेम्ब्रेनसमध्ये साध्या स्लाइडवर गुच्छ जवळजवळ निरोगी दिसतात. आयएफ नसेल तर हात सहज लिहून जातो, मिनिमल चेंज. मग स्टिरॉइडचा पूर्ण डोस, चेहरा सुजतो, साखर वाढते, लघवीतलं प्रथिन काही थांबत नाही, आणि आरशापुढच्या डबीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण विचारायचं कुणाला सुचलेलंच नसतं. आयएफवर भिंतीवरून दाणेदार आयजीजी दिसली की मी त्याच संध्याकाळी नेल-वन लावते आणि डॉक्टरांना फोन करते: "तोंडाला काय लावते विचारा, कुठली भस्मं-चूर्णं घेते का तेही विचारा." एकदा या प्रश्नावर पलीकडे बराच वेळ शांतता होती आणि मग डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आई आणि मावशीही तीच क्रीम लावतात." तिघींची लघवी तपासली. तिघींत प्रथिन होतं.

तिसरं वाक्य, साध्या मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते पुरे. याला मी एका आजाराच्या जन्मकथेने उत्तर देते. आज जगात प्राथमिक ग्लोमेरुलोनेफ्रायटिसमध्ये सर्वांत जास्त आढळणारा आजार आयजीए नेफ्रोपॅथी. १९६८ सालापर्यंत तो वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हता. त्याचे रुग्ण होते, तरुण मुलगे, घसा धरला की लघवी लाल व्हायची. त्यांच्या बायॉप्सी होत होत्या, पॅरिसमध्ये आणि इतरत्रही, आणि नामवंत पॅथॉलॉजिस्ट त्या वाचत होते. प्रत्येकाने त्याला वेगवेगळं काहीतरी म्हटलं. मग ज्यां बेर्जे आणि निकोल आँग्ले यांनी पॅरिसमध्ये आयएफ लावलं आणि गुच्छाच्या मधल्या भागात, मेसँजियममध्ये, फांद्यांसारखी पसरलेली आयजीए त्यांना दिसली. साध्या स्लाइडवरून हा आजार त्या काळातल्या सर्वांत तल्लख डोळ्यांना ओळखता आला नाही. आजही येत नाही, कारण त्याची व्याख्याच त्या हिरव्या फांद्यांवर आहे. जो रिपोर्ट आयएफशिवाय "बहुधा आयजीए" म्हणतो तो अंदाज आहे, आणि रुग्ण अंदाजासाठी पैसे देत नाही.

आणि आयजीए दिसली तरी काम संपत नाही. साठीच्या पुढचा, मधुमेह असलेला, पायाला जुनी जखम असलेला रुग्ण घ्या. त्याच्याही मेसँजियममध्ये आयजीए दिसू शकते, पण तिच्याहून सी-३ ठसठशीत, आणि भिंतीवर मोठे ठिपके. २००३ सालापासून हे चित्र ओळखीचं झालंय: स्टॅफिलोकोकसच्या संसर्गानंतर होणारी, आयजीए प्रबळ असलेली सूज. याला आयजीए नेफ्रोपॅथी समजून स्टिरॉइड दिलं तर पायातला संसर्ग रक्तात पसरू शकतो. इथे औषध अँटिबायोटिक आहे, सर्जनचा हात आहे. मी अशा रिपोर्टवर ठळक अक्षरांत लिहिते, पायाची जखम बघा.

पन्नाशी उलटलेल्या रुग्णांत आणखी एक चित्र मला अस्वस्थ करतं. साध्या स्लाइडवर मेम्ब्रेनोप्रोलिफरेटिव्ह नमुना, आणि आयएफवर कॅपा लखलखीत तर लॅम्डा पूर्ण काळं. निरोगी माणसाच्या प्रतिपिंडांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. एकच दिसतो याचा अर्थ ते प्रथिन पेशींच्या एकाच कुळातून येतंय, आणि ते कूळ शोधायला अस्थिमज्जेकडे जावं लागतं. दोन वर्षं स्टिरॉइड खाऊन आलेल्या अशा रुग्णाची बायॉप्सी जेव्हा मी पुन्हा वाचते, तेव्हा पहिल्या वेळी दुसरी बाटली भरली असती तर, हा विचार मला टाळता येत नाही.

२०१६ साली मेयो क्लिनिक आणि रीनल पॅथॉलॉजी सोसायटीने मिळून या सगळ्या सुजांची पाच घरांत मांडणी केली: इम्यून कॉम्प्लेक्स, पॉसी-इम्यून, अँटी-जीबीएम, मोनोक्लोनल आणि सी-३. ती मांडणी गुच्छाला काय झालं यावर नाही, कशाने झालं यावर आहे. यांतलं एकही घर आयएफशिवाय खात्रीने उघडत नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द, कारण सरांच्या मनात आयएफबद्दल जी अढी बसली तिला आम्ही पॅथॉलॉजिस्टही जबाबदार आहोत. काही रिपोर्ट असे निघतात की डॉक्टरने वैतागावं. वाळून गेलेल्या, चट्टा पडलेल्या गुच्छात आयजीएम आणि सी-३ नुसते अडकून बसतात. त्यावरून "आयजीएम नेफ्रोपॅथी" लिहून मोकळं होणं चूक आहे. मधुमेही रुग्णाच्या जाड झालेल्या भिंतीवर आयजीजीची रेघ दिसते, पण अल्ब्युमिन लावून बघितलं तर त्याचीही तशीच रेघ दिसते. तो हल्ला नव्हे, गळतीत चिकटलेलं प्रथिन आहे. ती रेघ बघून अँटी-जीबीएम लिहिलं तर एका मधुमेही म्हाताऱ्याला सायक्लोफॉस्फामाइड दिलं जाईल. आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी-३, सी-१-क्यू सगळे एकत्र उजळले, ज्याला आम्ही फुल हाऊस म्हणतो, की लुपसच असंही नाही. हृदयाच्या झडपेवरच्या संसर्गातही ते दिसू शकतं. घशाच्या संसर्गानंतरच्या सुजेत ठिपके कधी आभाळभर चांदण्यांसारखे विखुरतात, कधी भिंतीवरून हारासारखे गुंफले जातात, आणि दोन्हींचा पुढचा प्रवास वेगळा असतो. हाराच्या चित्रात लघवीतून प्रथिन जास्त जातं. चित्राला साध्या स्लाइडशी, लघवीशी, रुग्णाच्या हकिकतीशी ताडून बघावं लागतं. पण एखाद्याला ठसे वाचता येत नाहीत म्हणून ठसे पुसून टाका असं कुणी म्हणत नाही. त्याला वाचायला शिकवतात.

राहिला पैशांचा मुद्दा. तो शेवटी ठेवला, कारण सरांचा खरा जीव तिथे अडकला आहे आणि माझाही. आयएफचे पैसे लागतात, हे खरं. रसायनं महाग आहेत, क्रायोस्टॅट महाग आहे, आणि प्रत्येक तालुक्याला तो असावा असं मी म्हणतही नाही. पण तालुक्याकडून मी मागते तरी काय? मायक्रोस्कोप नाही, यंत्र नाही, पॅथॉलॉजिस्टही नाही. एक बाटली. मिशेलचं द्रावण १९७२ सालापासून ठाऊक आहे: अमोनियम सल्फेट आणि थोडे क्षार घातलेलं, ना आम्ल ना अल्कली असं राखलेलं पाणी. तुकडा त्यात टाकला की बर्फ लागत नाही, द्रवरूप नायट्रोजन लागत नाही. चार-पाच दिवस साध्या तापमानात, कुरिअरच्या पिशवीत, तो टिकतो. तेही नसेल आणि लॅब त्याच गावात असेल तर सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून त्याच दिवशी पोचवला तरी चालतं. दोनच गोष्टी करू नका, फॉर्मॅलिन लागलेल्या चिमट्याने त्याला धरू नका, आणि फ्रीझरमध्ये ठेवू नका.

कुणी म्हणेल, फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावरही एन्झाइम वापरून आयएफ करता येतं. येतं, आणि मी ते करते, पर्याय नसतो तेव्हा. काही मोनोक्लोनल आजारांत तर झाकलेलं प्रथिन त्यानेच उघडं पडतं. पण त्यात सी-३ फिकं पडतं, आणि अँटी-जीबीएमची रेघ, जिच्यासाठी सगळी घाई, तिथेच ती पद्धत सर्वांत कच्ची ठरते. त्या चौतिशीतल्या बाईच्या तुकड्यावर मी ती करून बघितली होती. पार्श्वभूमी सगळीच धूसर हिरवी होती. रेघ होती असं मी शपथेवर सांगू शकले नसते, नव्हती असंही नाही.

सर, त्या दिवशी जेवताना तुम्ही मला म्हणालात की द्रावण कुठे मिळतं तेच आमच्याकडे कुणाला माहीत नाही. ते मला आधी कळायला हवं होतं. या आठवड्यात आमच्या लॅबमधून पंधरा बाटल्या तुमच्या पत्त्यावर निघतील, प्रत्येकीवर तयार केल्याची तारीख आहे. त्या फ्रीजच्या दारात ठेवा, वरच्या कप्प्यात नव्हे. पुढची बायॉप्सी होईल तेव्हा पहिला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा स्वच्छ चिमट्याने या बाटलीत, आणि झाकणावर रुग्णाचं वय, क्रिएटिनिन आणि तुकडा काढल्याची वेळ. क्रिएटिनिन झपाट्याने वाढत असेल तर माझा नंबर बाटलीवर आहे. रात्री पोचला तरी मी छेद घेईन.